उत्तर किती खात्रीचं? ड्रोन, कॅमेरा आणि संशोधनाची वाट



संयोजकांनी मला विषय दिलाय : कृत्रिम बुद्धिमत्ता, कॅमेरा आणि ड्रोन या क्षेत्रातला संशोधनाचा माझा प्रवास. प्रवास म्हटलं की माणूस शेवटी कुठल्यातरी मोठ्या खुर्चीत बसलेला असणार, असं आपण धरून चालतो. माझं तसं काही नाही. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कारखान्यातल्या बंद टाक्या, बॉयलर, धुराडी यांच्या आत शिरून पाहणी करणाऱ्या ड्रोनसाठी आमची टीम प्रोग्राम लिहिते. पूर्वी या जागांमध्ये माणूस उतरवायचे, आणि आत गुदमरून जीव गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. आता आधी ड्रोन जातो. तिथे जीपीएस चालत नाही. ड्रोनला आपण कुठे आहोत हे स्वतःच ओळखावं लागतं. हेच माझं काम आणि हाच माझ्या संशोधनाचा विषय होता.

अडीच वर्षांच्या संशोधनातून मला एक सवय लागली : उत्तर देताना ते किती खात्रीचं आहे हेही सांगायचं. आज मी या सवयीबद्दल बोलणार आहे. ती लावून घ्यायला किती खर्च येतो आणि तुमच्यापैकी काही जणांनी तरी या वाटेला यावं असं मला का वाटतं, तेही सांगतो.

मी इचलकरंजीचा. अब्बा यंत्रमागावर जॉबर होते. माग बिघडला की जॉबरला बोलावतात. धोटा कुठे अडकतोय, ताणा का तुटतोय, हे ते आवाजावरून सांगायचे. २०१२ साली मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या गटाने प्रोजेक्ट घेतला तो कापडातले दोष कॅमेऱ्याने शोधायचा. अहवालात आम्ही एक आकडा दिला, इतके टक्के बरोबर. अब्बांना तो कौतुकाने दाखवला. ते म्हणाले, "बेटा, असलेला दोष किती वेळा सुटतो आणि नसलेला दोष किती वेळा दाखवतो, हे वेगवेगळं सांग. सुटला तर शेठचं नुकसान. नसलेला दाखवला तर मागवाल्याची मजुरी कापली जाणार."

अब्बा सातवीपर्यंत शिकलेले. पण संगणकीय दृष्टी शिकवताना पहिल्या महिन्यात जे शिकवतात, तेच त्यांनी विचारलं होतं. चुका दोन प्रकारच्या असतात आणि त्यांची किंमत वेगवेगळी माणसं मोजतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच २०१२ साली या क्षेत्रात एक मोठी गोष्ट घडली. इमेजनेट नावाची स्पर्धा असायची. सुमारे १२ लाख फोटोंवर संगणकाला शिकवायचं आणि नवा फोटो दाखवून १००० प्रकारांपैकी तो कशाचा आहे ते ओळखायला लावायचं. टोरंटो विद्यापीठातले ॲलेक्स क्रिझेव्स्की, इल्या सुत्स्केव्हर आणि त्यांचे मार्गदर्शक जेफ्री हिंटन यांच्या प्रणालीची चूक १५.३ टक्के होती. दुसऱ्या क्रमांकाची २६.२ टक्के. क्रिझेव्स्की आणि सुत्स्केव्हर तेव्हा विद्यार्थी होते, आणि यंत्रसामग्री म्हणजे गेम खेळायला वापरतात तसली दोन ग्राफिक्स कार्डं. आज कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो गाजावाजा चालू आहे, त्यातला बराच भाग तिथून सुरू झाला. संशोधनाला फार मोठी प्रयोगशाळाच लागते असं वाटत असेल, तर ही दोन कार्डं आठवा.

मी मात्र पदवीनंतर पुण्यात नोकरीला लागलो. तीन वर्षं बँकांसाठीचं सॉफ्टवेअर सांभाळलं. पगार वेळेवर होता, काम ठीक होतं. पण कॅमेऱ्याचा विषय डोक्यातून जात नव्हता. रात्री फुकट मिळणारी व्याख्यानं बघायचो, गेटची तयारी करायचो. २०१५ मध्ये एका सरकारी संस्थेत संशोधनावर आधारित मास्टर्सला प्रवेश मिळाला. विद्यावेतन होतं महिना १२,४०० रुपये.

इथे थोडं थांबतो, कारण यशोगाथांमध्ये हा हिशेब कुणी मांडत नाही. पगार सोडून १२,४०० वर यायचं, तर घर कोण चालवणार? अब्बांचे गुडघे गेले होते. घर चालवलं आपाने. आपा म्हणजे माझी मोठी बहीण. बी.एस्सी.ला गणितात तिचे मार्क माझ्यापेक्षा चांगले होते. तिलाही एम.एस्सी. करायचं होतं. ती शाळेत शिकवत राहिली, संध्याकाळी शिकवण्या घेत राहिली, आणि मी संशोधन केलं. नातेवाइकांनी माझं कौतुक केलं. तिला एवढंच म्हणाले, "किती गुणी पोरगी आहे." मी कमवायला लागल्यावर तिने एम.एस्सी.ला नाव घातलं. तेव्हा ती ३३ वर्षांची होती. आज ती कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. इथे बसलेल्या भावांना सांगतो, घरात पुढे कुणी शिकायचं हा विषय निघाला, तर आधी दोघांचे मार्क समोर ठेवा.

आता मुख्य गोष्ट. ड्रोनला आपण कुठे आहोत हे कसं कळतं?

मोकळ्या मैदानात जीपीएस असतं. तरीही साध्या जीपीएसची जागा काही मीटरने इकडेतिकडे होते. छताखाली, बोगद्यात, टाकीत तेही नाही. मग ड्रोनवर एक छोटा सेन्सर असतो, आपल्या मोबाइलमध्ये असतो तसलाच. तो वेग किती वाढला आणि यंत्र किती वळलं हे मोजतो. त्यावरून जागा काढता येते. पण समजा त्याच्या मापात १ सेंटीमीटर प्रति सेकंद वर्ग एवढीच बारीक चूक आहे. दहा सेकंदांनंतर जागा अर्ध्या मीटरने चुकते. एका मिनिटानंतर १८ मीटरने. दोन मिनिटांनंतर ७२ मीटरने. वेळ दुप्पट झाली की चूक चौपट. म्हणजे ड्रोन टाकीत आहे आणि त्याला वाटतंय आपण शेजारच्या गल्लीत आहोत.

म्हणून कॅमेरा लावायचा. कॅमेरा काय करतो? चित्रातले ठळक बिंदू पकडतो : भिंतीचा कोपरा, नट-बोल्ट, रंगाचा डाग. पुढच्या चित्रात तेच बिंदू कुठे सरकले ते बघतो आणि त्यावरून स्वतः किती हललो ते काढतो. रेल्वेच्या खिडकीतून विजेचे खांब मागे जाताना बघून गाडीचा वेग आपण ओळखतो, तसंच. पण एका कॅमेऱ्याला अंतराचं माप कळत नाही. जवळची लहान पेटी आणि लांबची मोठी पेटी त्याला सारखीच दिसते. ते माप सेन्सरकडून मिळतं, आणि सेन्सरची वाढत जाणारी चूक कॅमेरा आवरतो.

दोघांचं म्हणणं जुळलं नाही तर ऐकायचं कुणाचं? यासाठीचं गणित रुडॉल्फ कालमन यांनी १९६० मध्ये मांडलं. अपोलो यानांच्या मार्गदर्शनात ते वापरलं गेलं, आणि आजच्या ड्रोनमध्येही त्याचीच रूपं आहेत. त्याचा गाभा साध्या भाषेत सांगतो. प्रत्येक अंदाजासोबत एक दुसरा आकडा ठेवायचा : हा अंदाज किती डळमळीत आहे? ज्याची खात्री जास्त त्याचं जास्त ऐकायचं. नवं माप आलं की दोन्ही आकडे दुरुस्त करायचे. ज्या ड्रोनला आपली शंका मोजता येत नाही, तो बिनधास्त भिंतीवर जातो.

माझा प्रबंध याच्याच एका कोपऱ्यावर होता. कॅमेऱ्यासमोर पांढरीशुभ्र भिंत किंवा गुळगुळीत पत्रा आला, तर पकडायला बिंदूच उरत नाहीत. अशा वेळी कॅमेऱ्यावरचा विश्वास आपोआप किती आणि कधी कमी करायचा? पहिले आठ महिने मी दुसऱ्यांचेच शोधनिबंध वाचले आणि त्यांचे प्रयोग पुन्हा करून बघितले. झुरिचच्या ईटीएच या संस्थेने उडत्या ड्रोनवर नोंदलेली माहिती २०१६ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली, युरॉक नावाने. स्पेनमधल्या झारागोझा विद्यापीठाने ऑर्ब-स्लॅम हा प्रोग्राम खुला ठेवला होता. मी वसतिगृहातल्या खोलीत बसून एका जुन्या लॅपटॉपवर हे चालवायचो. ड्रोनला हात लागला तो नवव्या महिन्यात. पहिला शोधनिबंध परत आला. तीन परीक्षकांपैकी एकाने लिहिलं होतं की तुमची पद्धत कुठे चालत नाही, तेही दाखवा. आम्ही आणखी चार महिने ते शोधत बसलो, आणि निबंधातलं सगळ्यात उपयोगी प्रकरण तेच झालं.

हा पांढऱ्या भिंतीचा प्रश्न किती खरा आहे, ते मंगळावर सगळ्या जगाने पाहिलं. नासाचं इंजेन्युइटी हे १.८ किलोचं हेलिकॉप्टर १९ एप्रिल २०२१ ला मंगळावर उडालं. त्याचे मुख्य अभियंता होते बॉब बलराम, आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी. पृथ्वीवरून मंगळावर संदेश जायला काही मिनिटं लागतात, त्यामुळे इथून दांडी हलवून ते चालवणं शक्यच नव्हतं. खाली बघणारा एक कृष्णधवल कॅमेरा, लेझरने उंची मोजणारं यंत्र आणि मघाशी सांगितला तसला सेन्सर. एवढ्यावर ते स्वतःच वाट काढायचं. सहाव्या उड्डाणात, २२ मे २०२१ ला, कॅमेऱ्याचं फक्त एक चित्र हरवलं. त्यामुळे पुढच्या सगळ्या चित्रांवर चुकीची वेळ पडली आणि हेलिकॉप्टर डोलायला लागलं. तरीही ते ठरलेल्या जागेपासून सुमारे पाच मीटरच्या आत सुखरूप उतरलं, कारण बनवणाऱ्यांनी अशा गडबडीसाठी जागा ठेवली होती. पाच उड्डाणांसाठी बनवलेलं हे यंत्र ७२ वेळा उडालं. १८ जानेवारी २०२४ च्या शेवटच्या उड्डाणात खाली नुसती वाळूची लाटालाटांची जमीन होती. पकडायला बिंदू कमी पडले, वेगाचा अंदाज चुकला, उतरताना पाती मोडली. नासाने आपल्या तपासाचे हे निष्कर्ष सगळ्यांसमोर मांडले. मला या गोष्टीत उड्डाणांइतकंच त्या तपासाचं कौतुक वाटतं.

आता अब्बांच्या प्रश्नाकडे येतो. कॅमेऱ्यामागचं हेच शास्त्र माणसांवरही रोखलं जातं. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चूक फार तर ०.८ टक्के होती. सावळ्या-काळ्या स्त्रियांबाबत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. सरासरीचा एकच आकडा दिला असता, तर हे झाकलं गेलं असतं. बुओलाम्विनी तेव्हा विद्यार्थिनीच होत्या. त्यांनी आकडा फोडून दाखवला, आणि कंपन्यांना आपल्या प्रणाली सुधाराव्या लागल्या.

आपल्या देशातलंही सांगतो. मार्च २०२० मध्ये दिल्लीतल्या दंगलींबाबत लोकसभेत सांगण्यात आलं की चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने ११०० हून अधिक लोकांची ओळख पटवली. २०२२ मध्ये माहिती अधिकारात दिल्ली पोलिसांनी उत्तर दिलं की ८० टक्क्यांच्या वर साम्य असेल तर ते जुळलं असं धरतात. मी इथे कुणाच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलत नाही, एक इंजिनिअर म्हणून बोलतोय. ८० टक्के साम्य म्हणजे ८० टक्के खात्री नव्हे. तो फक्त दोन चित्रं किती सारखी आहेत याचा गुण आहे. समजा एखादी प्रणाली हजारात एकदाच चुकून जुळवते. ऐकायला उत्तम वाटतं. पण एक फोटो दहा लाख चेहऱ्यांशी ताडून पाहिला, तर चुकीचे हजार जण समोर येतील. त्यातल्या एकाच्या दारावर पोलिसांची थाप पडली, तर आपण तो नाही हे सिद्ध करत त्याची वर्षं जातील. नसलेल्या दोषापायी मजुरी कापली जाते ती अशी. मग तो मुस्लिम असो, दलित असो, भटक्या-विमुक्त समाजातला असो की आणखी कुणी.

मास्टर्सनंतर एका कंपनीने मला गर्दीतल्या माणसाचा ड्रोनवरून पाठलाग करणाऱ्या प्रणालीचं काम देऊ केलं. पगार चांगला होता. मी मुलाखतीत विचारलं, चुकीचा माणूस किती वेळा पकडला जातो हे तुम्ही मोजता का? ग्राहकाने ते मागितलेलं नाही, असं उत्तर आलं. मी टाक्या आणि बॉयलरचं काम घेतलं. प्रत्येकाने असंच करावं असा माझा आग्रह नाही. उलट, असे प्रश्न विचारणारी माणसं त्या खोल्यांमध्येही असायला हवीत. पण प्रश्न विचारायचा तर आधी विषय यावा लागतो. बाहेर उभं राहून "हे तंत्रज्ञान आपल्या विरोधात आहे" म्हणणं सोपं आहे. चूक कुठे आहे आणि किती आहे, हे आकड्यात दाखवलं तर न्यायालयालाही ऐकावं लागतं.

आपल्याकडे विज्ञानाचा कार्यक्रम असला की इब्न अल-हैथम यांचं नाव निघतंच. सुमारे ९६५ मध्ये बसऱ्याला जन्मले, कैरोमध्ये राहिले, 'किताब अल-मनाझिर' लिहिलं, डोळ्यात प्रकाश बाहेरून येतो म्हणून आपल्याला दिसतं हे प्रयोगांनी दाखवलं. अभिमान जरूर बाळगा. पण त्यांनी आणखी एक पुस्तक लिहिलं, त्याच्या नावाचा अर्थ होतो 'टॉलेमीवरच्या शंका'. टॉलेमी म्हणजे त्या काळचा खगोलशास्त्रातला शेवटचा शब्द. त्याचा पूर्ण आदर ठेवूनही त्याचं कुठे जुळत नाही, हे त्यांनी मुद्देसूद लिहून ठेवलं. त्यांचा वारसा सांगायचा असेल, तर तो या शंका घेण्यात आहे.

आता ज्यांना या वाटेने यायचंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं बोलतो.

पहिलं, गणित. रेषीय बीजगणित आणि संभाव्यता एवढं पक्कं करा. एनपीटीईएलवर ते फुकट आहे. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलात म्हणून अडत नाही. मी दहावीपर्यंत मराठीतच शिकलो. सुरुवातीला इंग्रजी निबंधाचं एक पान वाचायला मला अख्खी संध्याकाळ लागायची. तिसऱ्या महिन्यात तासावर आलो.

दुसरं, ड्रोन विकत घ्यायची घाई करू नका. गझिबोसारख्या सिम्युलेटरमध्ये फुकट उडवा. पीएक्स४ हा ड्रोन चालवणारा प्रोग्राम पूर्ण खुला आहे. लोरेन्झ मायर या मास्टर्सच्या विद्यार्थ्याने २००८ मध्ये ईटीएच झुरिचला जो पिक्सहॉक प्रकल्प सुरू केला, त्यातून तो पुढे आला. खरा ड्रोन घ्यायचाच, तर २०२१ चे ड्रोन नियम वाचा. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही, पण कुठे उडवायचं याची बंधनं सगळ्यांनाच आहेत.

तिसरं, एक खुला शोधनिबंध निवडा आणि त्यातला एकच तक्ता आपल्या लॅपटॉपवर पुन्हा काढून बघा. आकडे जुळले नाहीत तर का जुळले नाहीत, ते दोन पानांत लिहा. प्रवेशाच्या मुलाखतीत ती दोन पानं दहा सर्टिफिकेटांपेक्षा जास्त बोलतात.

चौथं, पैसा. पीएच.डी.साठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली. त्याचा फटका आपल्या अनेक मुलामुलींना बसला, आणि ती पुन्हा सुरू व्हावी ही मागणी रास्त आहे. पण तोवर थांबू नका. ज्युनियर रिसर्च फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली. पंतप्रधान संशोधन फेलोशिपची घोषणा २०१८ मध्ये झाली तेव्हा पहिल्या दोन वर्षांसाठी महिना ७०,००० रुपये ठरले होते. बंगळुरूची आयआयएससी, आयआयटी मद्रास, हैदराबादची ट्रिपल आयटी इथे संशोधनावर आधारित मास्टर्स करता येतं. अर्ज करण्याआधी त्या वर्षीचे नियम त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा, कुणाच्या फॉरवर्डवर जाऊ नका.

शेवटचं, एकट्याने करू नका. तुमच्या गावात चार जणांचा गट करा. आठवड्यातून एकदा बसा, एक निबंध वाचा, एकमेकांना विचारा : हे कशावरून? किती खात्री आहे? चुकलं तर किंमत कोण मोजणार? गटात मुली असू द्या, आणि बैठकीची वेळ त्यांना जमेल अशी ठेवा. पुढच्या वर्षी असा एखादा गट इथे येऊन आपण काय पुन्हा करून बघितलं ते मांडणार असेल, तर मी समोरच्या खुर्चीत वही घेऊन बसायला तयार आहे.

माझं बोलणं इथे संपवतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.